दहा मिनिटं मागं राहणारी नळी

मिस्त्रींची आणि माझी पहिली गाठ मुरुमच्या बाजारात एका बिघडलेल्या गॅसबत्तीवर पडली. निजामी अमदानी होती, लढाईचे दिवस होते. बाजाराच्या दिवशी मी पोतं अंथरून बसायचो आणि बत्त्या, स्टो, कुलपं, शिलाईची यंत्रं असं हाताला लागेल ते दुरुस्त करायचो. एका लग्नघरची बत्ती भकभक करीत होती. माझ्याआधी दोघांनी तिचं मॅन्टल, म्हणजे उजेड देणारी जाळी, बदलून पाहिलं होतं. मी मॅन्टलला हात लावला नाही. खालच्या भोकातली सुई वाकली होती, तेवढी सरळ केली आणि पंप मारला. उजेड पडला तेव्हा माझ्यामागं एक गृहस्थ उभे दिसले. कपाळावर भस्म, गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग, खाकी सदरा आणि सदऱ्याच्या खिशात पितळी फूटपट्टी.

“कुणी शिकवलं?” त्यांनी विचारलं.

“कुणी न्हाय. आपलं आपणच.”

“बरं झालं. मंग इसरायला लावायचं काही न्हाय. उद्या मिलवर ये.”

ते गुरुलिंगप्पा मिस्त्री. त्यांना यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, आणि त्यांच्या हाताखाली घडलेल्या माणसांनी मिळून हा गौरवग्रंथ काढायचं ठरवलं आहे. समितीनं मला लेख मागितला तेव्हा मी एकच अट घातली. शब्द कापायचे असतील तर कापा, आकडे कापू नका. मिस्त्रींवर लिहायचं आणि आकडे गाळायचे, हे त्यांनाही पटलं नसतं.

माझ्याकडं एकही सर्टिफिकेट नाही. शाळा उर्दूतून, तीही चौथीपर्यंत. तरी आज उमरग्यात माझं इंजिन-दुरुस्तीचं वर्कशॉप आहे, आणि पदवी घेतलेले लोकसुद्धा पंप अडला की माझ्याकडं येतात. हे मी अभिमानानं लिहितो आहे. मिस्त्रींनी मला शिकवलं असं म्हणण्यापेक्षा त्यांनी मला मोजायला लावलं असं म्हणणं जास्त बरोबर होईल. बाकीचं माझं मी शिकलो, आणि हे त्यांनाही मान्य आहे.

मुरुमच्या त्या तेलमिलचे मालक शिवमूर्तप्पा म्हणून होते. व्यापारी माणूस, शब्दाला पक्के आणि रागाला तितकेच. मिलमधलं इंजिन, पट्टे, घाणे, भट्टी हे सगळं मिस्त्रींच्या ताब्यात. मिस्त्रींचं शिक्षणही माझ्यासारखंच, थोडकं. पण त्यांची रीत पक्की होती: पडताळल्याशिवाय आकडा तोंडातून काढायचा नाही. घड्याळ त्यांच्याकडं होतं, तरी सेकंदाचा बारीक हिशोब ते जपानं ठेवीत. “ॐ नमः शिवाय” एका संथ चालीनं म्हणत, आणि एक जप म्हणजे एक सेकंद. मी एकदा मालकांच्या भिंतीवरच्या घड्याळासमोर उभं राहून त्यांचे जप गुपचूप मोजले. साठ जपांना एक मिनिट आणि वर दोन सेकंद लागत होते. नवा होतो, तरी मी ते त्यांना जाऊन सांगितलं. ते रागावले नाहीत. “बरं,” एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा जप किंचित घाईनं चालू लागला.

आता मिलच्या कामाचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. घाण्यातून निघालेल्या शेंगतेलात पाण्याचा अंश राहतो आणि शेंगांचा बारीक गाळही. ते तेल गुळाच्या काहिलीसारख्या मोठ्या लोखंडी कढईत तापवून पाणी उडवायचं, मग निवळून डब्यांत भरायचं. खाली भुईमुगाच्या टरफलांचा जाळ. ताप दोनशे चाळीस अंश फॅरनहाइटला न्यायचा आणि जाळ ओढून घ्यायचा. त्याच्या बराच खाली थांबलं तर पाणी राहतं आणि डब्यात तेल खवटतं. पन्नास-साठ अंश वर गेलं तर बुडाचा गाळ करपतो, तेल लाल होतं, त्याला जळका वास येतो. सोलापूरचे घेणारे असलं तेल बोट बुडवून परत पाठवीत.

कढईवर आम्ही दोघं. ताप आणि जाळ मी बघायचो. लांब दांड्याचा झारा घेऊन तेल हलवायचे काशीमभाई. वयानं माझ्या वडिलांएवढे, आणि थर्मामीटर मिलमध्ये यायच्या आधीपासून नाकानं आणि कानानं तेल ओळखणारे.

थर्मामीटर काचेचे, परदेशातून सोलापूरमार्गे आलेले. लढाईमुळं ती वाट बंद झाली होती. झाऱ्याचा धक्का लागून एक फुटला. राहिले दोन. त्यातला एक मालकांनी कपाटात कुलूप लावून ठेवला. दुसरा वाचवायचा म्हणून मिस्त्रींनी त्याला कवच केलं: बोटभर जाडीच्या भिंतीची पितळी नळी, तळ बंद, आत चाळून घेतलेली बारीक वाळू, आणि वाळूत रोवलेली काच. आकड्यांचा भाग तेवढा वर उघडा. काम इतकं देखणं झालं होतं की मालक पाहुण्यांना कढईपाशी आणून ती नळी दाखवीत. पहिल्याच दिवशी झारा तिच्यावर दोनदा आदळला आणि काच शाबूत राहिली. आम्ही सगळे खूश.

पहिले काही दिवस टरफलं ओलसर होती, जाळ मंद होता. सगळं ठीक चाललं. मग कडक वाळलेल्या टरफलांची गाडी आली.

त्या दिवशी मिस्त्री पट्ट्याच्या कामाला सोलापूरला गेले होते. जाळ चांगला धडाडला होता. मी दर पाच मिनिटांनी पारा बघून भिंतीवर खडूनं आकडा मांडत होतो, ही मिस्त्रींनीच लावलेली सवय. पारा दोनशे दहावर आला तेव्हा काशीमभाईंनी झारा थांबवला.

“क्या रे माणिक, नाक है की न्हई? जलने की बू आरई.”

“काशीमभाई, पारा दोनशे दहा हाय. आजून तीस बाकी हायती.”

“पारा तेरा, नाक मेरी. मैं बोल दिया.”

मी हसलो. नळीवर विश्वास होता, आणि खरं सांगायचं तर नळी वाचता येते याची ऐटही होती. पारा दोनशे चाळीसवर आला तेव्हा मी जाळ ओढायला लावला. तोवर कढईवर निळसर धूर धरला होता. आणि जाळ ओढल्यावरही पारा थांबेना. दोनशे साठ, दोनशे सत्तर, दोनशे ऐंशी. मुनीम ओरडत होते, मालक धावत आले होते, आणि मी तशा गोंधळातही आकडे मांडत होतो, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. पारा दोनशे नव्वदच्या वर जाऊन थांबला. कढईतलं तेल चहासारखं लाल झालं होतं.

“उद्यापासनं येऊ नगो,” मालक म्हणाले. “डोळे असून पारा वाचता येत न्हाय तुला.”

माझं नवीन लग्न झालेलं होतं. सासऱ्यांनी मुलगी दिली ती ‘मिलवर कढई बघतो’ एवढ्या एका गोष्टीवर. मुरुमच्या मिलमधून तेल जाळणारा म्हणून निघालो तर उमरग्यापर्यंत मला कुणी भट्टीजवळ उभं करणार नव्हतं. बातमी माझ्याआधी बाजारात पोचली. पानवाल्यानं लांबूनच विचारलं, “काय माणिकशेठ, आज काय तळलं?”

दुसऱ्या दिवशी मिस्त्री सोलापूरहून आले आणि आधी माझ्या घरी आले. चूक कुणाची हे त्यांनी विचारलंच नाही.

“भिंतीवरचे आकडे पुसलेत का?”

“न्हाय. मुनीम पुसत व्हते, काशीमभाईंनी हात धरला.”

“चल.”

मिलमध्ये येऊन त्यांनी भिंतीवरचे आकडे एकेक करून वाचले. “मिनिटाला सा अंश चढत व्हता पारा,” ते म्हणाले. मग बोट शेवटच्या आकड्यांवर ठेवलं. “आन् हे जाळ ओढल्यानंतरचे?”

“व्हय.”

“खाली जाळ न्हाय, तरी पारा पन्नास अंश चढला. म्हंजे तेल आदीच वर व्हतं. पारा मागनं येत व्हता.” त्यांनी नळी कढईतून काढून हातात तोलली. चेहरा उतरलेला होता. “माणिक, पारा खोटं बोलला न्हाय. उशिरा बोलला. आन् उशीर माझ्या नळीनं केलाय.”

दुसरा कुणी असता तर इथंच थांबला असता. मिस्त्री मालकांकडं गेले, कपाटातला दुसरा थर्मामीटर मागितला. मालक द्यायला तयार नव्हते. फक्त पाण्याच्या भांड्यात, झारा न लावता, स्वतःच्या हातानं वापरीन असा शब्द दिल्यावर त्यांनी तो दिला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतची मुदत दिली. त्या दीड दिवसात मिस्त्रींनी जे केलं ते मी इथं सविस्तर लिहिणार आहे. वाचकांनी कंटाळा करू नये. त्यांची खरी थोरवी मला इथंच दिसली.

मिलच्या अंगणात चूल मांडली. एक उघडी काच, एक नळीतली काच, आणि उकळतं पाणी. आमच्या उंचीवर पाणी पुस्तकातल्या दोनशे बाराला उकळत नाही, दोनशे नऊच्या आसपास उकळतं. हेही आधी उघड्या काचेनं तपासून घेतलं. बाहेर हवा एकोणनव्वद अंश. म्हणजे पाऱ्याला जायचं अंतर एकशे वीस.

पहिली पारख त्यांनी ‘धक्का’ म्हणून केली. दोन्ही काचा एकदम उकळत्या पाण्यात. उघडी काच वीस-पंचवीस जपांत वर पोचली. नळीतल्या काचेनं पहिल्या दहा मिनिटांत शहात्तर अंश कापले. राहिले चव्वेचाळीस. पुढच्या दहा मिनिटांत अठ्ठावीस. राहिले सोळा. त्याच्या पुढच्या दहात दहा. मिस्त्री जमिनीवर काडीनं रेघा ओढत होते, आणि एकाएकी थांबले.

“बघ रे. दर दहा मिनटाला, जेवढं राह्यलं असंल त्याचे तीन वाटे करायचे आन् दोन वाट्यापेक्षा थोडं कमी कापायचं. लांब असलं की पळतंय, जवळ आलं की चालतंय.”

“आन् पोचतंय कवा?”

“पुरतं कवाच न्हाय. पण कामापुरतं आर्ध्या तासात.”

दुसरी पारख ‘चढ’. गार पाण्यात दोन्ही काचा ठेवून खाली सारखा जाळ, उघडी काच मिनिटाला तीन अंश चढेल असा. आधी नळीतला पारा जागचा हललाच नाही. मग हळूहळू चालू लागला, आणि शेवटी त्यालाही तीच चाल आली, मिनिटाला तीन. पण तो तीस अंश मागं राहिला आणि तीसच मागं राहिला. ना अंतर वाढलं, ना घटलं. मी म्हणालो, “दहा मिनिटं, मिनिटाला तीन.” मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. “आन् मिनिटाला सा असंल तर?” मी म्हणालो, “साठ.” दोघंही आत जाऊन भिंतीवरच्या माझ्या खडूच्या आकड्यांकडं बघू लागलो. मी दोनशे चाळीस वाचले तेव्हा तेल तीनशेला टेकलं होतं.

तिसरी ‘चटका’. नळी उकळत्या पाण्यात घालून पाच जपांत बाहेर काढली. उघडी काच तेवढ्यात उडी मारून वर गेली आणि लगेच खाली आली. नळीतली जेमतेम एक अंश हलली, आणि तो एक अंश सोडायला तिला दहा-पंधरा मिनिटं लागली. चौथी पारख ‘झोका’: एक मिनिट गरम पाण्यात, एक मिनिट गार पाण्यात, आळीपाळीनं. उघडी काच वर-खाली नाचत होती. नळीतली मधोमध येऊन जवळजवळ स्वस्थ बसली. हेच झोके सावकाश, वीस-वीस मिनिटांचे केले तेव्हा तीही झुलू लागली, पण आखूड झुलायची, आणि पाणी बदललं तरी तिचं आधीचंच चालू.

काशीमभाई भिंतीला टेकून बघत होते. म्हणाले, “मिस्त्री, ये तो अपने तहसीलवाले साब हैं. गाँव जल गया तो आठ दिन में खबर पोंचती.”

मिस्त्री हसले, पण थोडंच. त्यांना कळलेलं होतं की जाळ भडकला-विझला तरी त्यांच्या नळीतला पारा शांत राहतो, आणि त्या शांतपणावर भरवसा ठेवणाऱ्या माणसाला मिलमधून काढलं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालक अंगणात आले. मुनीम, घाण्यावरची माणसं, सगळे जमा. मिस्त्रींनी थर्मामीटर आधी परत केला, मग बोलले.

“मालक, नळी मी केली. जाड मी ठेवली, वाळू मी भरली. तिच्यामुळं पारा दहा मिनिटं मागं राहतो. हे मला काल कळलं. नळी कढईत सोडायच्या आदी कळायला पायजे व्हतं. माणिकनं जे दिसलं ते वाचलं. काढायचं तर मला काढा.”

मालकांनी त्यांच्याकडं बघितलं. ज्या माणसाची चूक मिलमध्ये आजवर कुणी पाहिली नव्हती, तो आपण होऊन ती सांगत होता, आणि तीही ज्यांनी त्याच्यासमोर मान खाली घालून काम करायचं अशा माणसांच्या देखत.

“त्याला वाचवायला लागलाय तुमी.”

“चुलीवर चार पारखी केल्यात. तुमच्या म्होरं परत करतो.”

“दोनों को निकाल दिए तो झारा मेरे अकेले के गले पडता मालक,” काशीमभाई म्हणाले. कुणीतरी हसलं. मालक हसले नाहीत.

“असं करा,” ते म्हणाले. “उद्या कढई चढवा. काचेला धोका नगो, म्हणून नळी तीच. माणसंबी तीच. ह्याच्या हातानं. तेल लाल झालं तर दोघांनीबी परत तोंड दावायचं न्हाय.”

“चालंल,” मिस्त्री म्हणाले. किती मागं राहतो ते कळल्यावर त्यांना भीती नव्हती. मला होती.

सकाळी कढई चढवली. जाळ मिस्त्रींनी आखून दिला: तीस जपांना एक सूप टरफलं, ना जास्त ना कमी. पहिला अर्धा तास मी नुसती चाल बघत होतो. पारा मिनिटाला तीन अंशांवर स्थिर झाला तेव्हा मी ती चाल भिंतीवर खडूनं मांडली. चाल खरी होती, जागा तेवढी तीस अंश खोटी. एकशे ऐंशी. एकशे नव्वद. मालक कढईपासून चार हातांवर उभे. मिस्त्री माझ्यामागं. आकडा मी वाचायचा, हाक मी द्यायची, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

पारा दोनशे दहावर आला.

“ओढा!” मी म्हणालो.

“आरं आजून तीस बाकी हायती!” मुनीम ओरडले. “कच्चं राहील तेल!”

“ओढा म्हंतोय न्हवं,” मिस्त्री म्हणाले.

जाळ फावड्यानं पूर्ण बाहेर ओढला. भट्टीत राखेशिवाय काही उरलं नाही. सगळ्यांचे डोळे नळीवर. आणि विझलेल्या भट्टीवर पारा चढू लागला. दहा मिनिटांत दोनशे एकोणतीस. आणखी दहा मिनिटांत दोनशे पस्तीस. मग रांगत रांगत दोनशे अडतीस, आणि तिथं थांबला.

“दोन अंश?” मालकांनी विचारलं.

“आर्ध्या तासात तेल तेवढं निवलं,” मिस्त्री म्हणाले.

काशीमभाईंनी झाऱ्यानं तेल काढून काचेच्या वाटीत ओतलं, आधी हुंगलं, मग उन्हात धरलं. पिवळंधमक, नितळ. वाटी त्यांनी मालकांच्या हातात दिली. मालकांनी बोट बुडवलं, चोळलं, नाकाला लावलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. ते मुनिमाकडं वळले. “उद्याच्या कढईला टरफलं पुरतील का ते बघा. आन् माणिकला बारा वाजता जेवायला सोडा, सकाळपासनं उभा हाय.” एवढंच बोलून ते ऑफिसात गेले. माझी जागा राहिली ती अशी.

“आयतु,” मिस्त्री कानडीत म्हणाले. म्हणजे झालं. आणि झालं म्हणून ते बसले नाहीत. गेरूचा डबा आणून कढईवरच्या भिंतीवर त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं: ‘या नळीचा पारा दहा मिनिटं मागं चालतो. नळी गुरुलिंगप्पानं केली.’ मुनीम म्हणाले, दुसरं वाक्य कशाला? मिस्त्री म्हणाले, “उद्या कुणी इचारायला आलं तर कुणाला इचारायचं ते कळाया पायजे.” पुढं पातळ तांब्याची नळी मिळाली. तिच्यात वाळूऐवजी तेल भरलं, बाहेरून तारेची जाळी केली, आणि ती नळी दीड मिनिटावर आली. तरीही भिंतीवरची अक्षरं त्यांनी पुसू दिली नाहीत. आकडा तेवढा बदलला.

पोलीस ॲक्शनच्या धामधुमीच्या दिवसांत मिल काही महिने बंद होती. काशीमभाईंचं बिऱ्हाड तेव्हा कुणाच्या घरी होतं, हे मुरुममध्ये जुन्या लोकांना ठाऊक आहे. मिस्त्री त्याबद्दल कधी बोलले नाहीत, म्हणून मीही त्यावर एवढंच लिहितो. काशीमभाई शेवटपर्यंत त्यांना ‘मिस्त्री’ म्हणत आणि एकेरीत भांडत. तो हक्क दुसऱ्या कुणाला नव्हता.

काही वर्षांपूर्वी एक तरुण इंजिनियर माझ्या वर्कशॉपात पंपाचं काम घेऊन आले. बोलता बोलता त्यांनी कागदावर एक वक्ररेषा काढली, आधी झपाट्यानं चढणारी आणि मग आडवी होत जाणारी. म्हणाले, याला प्रथम कोटीची प्रणाली म्हणतात, तिला एकच काल-स्थिरांक, म्हणजे मागं राहायचा ठरावीक वेळ, असतो, आणि तेवढ्या वेळात ती शंभरातलं त्रेसष्ट अंतर कापते. मी कागद माझ्याकडं ओढला आणि पुढच्या तीन रेघा काढून दाखवल्या: सारख्या चढाला ती किती मागं राहते, चटक्याला कशी विसरते, झोक्याला कशी आखूड होते. त्यांनी विचारलं, कुठल्या कॉलेजात होता? मी म्हणालो, मुरुमच्या अंगणात, एका चुलीवर. मिस्त्रींना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “त्रेसष्ट व्हय? आपले शहात्तर भागिले एकशे वीस किती येतात?” मी तिथंच गुणाकार-भागाकार केला. त्रेसष्ट आणि वर थोडं. ते खूश झाले. मुलांनी परीक्षेत पहिला नंबर काढला तरी ते इतके खूश झालेले मी पाहिले नाहीत.

हा लेख छापायला देण्याआधी मी तो त्यांना वाचून दाखवला. डोळ्याला चष्मा आहे, पण कान तीक्ष्ण आहेत. शेवटी म्हणाले, “लांबलंय. आन् एक गोष्ट बरोबर न्हाय. माझी नोकरी पणाला लावून तुला वाचवलं असं लोकांना वाटंल. मी चुकलो ते सांगितलं. त्यात वाचवणं कुठनं आलं?”

यावर मी त्यांच्याशी वाद घातला नाही. पंचाहत्तरीतल्या माणसाशी वाद घालू नये. पण इथं लिहून ठेवतो. त्या दिवशी ते गप्प राहिले असते तर मी बाजारात पोत्यावर परत गेलो असतो, तेल जाळणारा म्हणून, आणि जन्मभर मलाही तसंच वाटत राहिलं असतं. काशीमभाईंच्या नाकाचं मी ऐकलं नाही ही माझी चूक होती, ती मी नंतर मालकांसमोर कबूल केली. ते धैर्य मला मिस्त्रींचं बघून आलं, आपोआप नव्हे. आज माझ्या हाताखाली सात माणसं आहेत. काही बिघडलं की आधी मी माझ्या हातचं काम उघडून बघतो. बऱ्याचदा दोष तिथंच सापडतो, आणि तो मी त्या सातांसमोर सांगतो.

मिस्त्रींचे हात अजून स्थिर आहेत, जप अजून मिनिटाला साठ आहे, मी मागच्याच महिन्यात पडताळला. ते तसेच राहोत. आई तुळजाभवानी आणि त्यांचं दैवत रामलिंग त्यांना निरोगी ठेवोत, पायात ताकद राहो, भूक राहो, झोप राहो. शंभरी पुरी करून त्यांनी एखाद्या सकाळी उमरग्याला माझ्या वर्कशॉपात यावं, मी नुकतंच जोडलेलं एखादं इंजिन उघडायला लावावं, फूटपट्टी आत घालून बघावी आणि सातही माणसांच्या देखत म्हणावं, “माणिक, हे तू चुकलास.” मी तिथंच, त्या सगळ्यांच्या देखत, “व्हय” म्हणेन.